सशेषम् : जुन्या तेलुगू वारपत्रिकांची गोष्ट

हैदराबादच्या सुलतान बाजारात आमच्या थोरल्या ताईचे बिऱ्हाड साठ वर्षांपासून आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो तेव्हा पलंगाखाली एक हिरवी लोखंडी ट्रंक दिसली. ताईकडे असली ट्रंक कधी नव्हती. विचारले, तर म्हणाली, "अक्काची आहे. तिच्या मुलाने घर विकले. रद्दीवाला काटा घेऊन दारात उभा होता, मीच आडवी गेले."

अक्का म्हणजे ताईची समोरची शेजारीण. तेलुगू. तीन वर्षांपूर्वी वारली. मुलगा बंगळुरात असतो, सुनेला आणि नातवंडांना तेलुगू बोलता येते, वाचता येत नाही. तेव्हा ट्रंकेचे काय करायचे हा प्रश्न त्यांच्यापुरता सुटलेलाच होता. ताई मध्ये पडली नसती तर दुपारपर्यंत ट्रंक मोकळी होऊन भिंतीला लागली असती.

आम्ही झाकण उघडले. आत दागिने नव्हते, रेशमी साड्या नव्हत्या. होती ती जुन्या तेलुगू साप्ताहिकांतून फाडून काढलेली आणि घरीच शिवलेली पाने. प्रत्येक कादंबरीचे एक बाड. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून वर-खाली लावलेला, पाठीला जुन्या परकराची पट्टी, दाभणाने भोके पाडून जाड दोऱ्याने टाचलेले आणि खळीने चिकटवलेले. एका बाडात तर मधली आठ पाने चक्क हाताने लिहिलेली निघाली. तो अंक टपालात हरवला होता, म्हणून अक्काने दुसऱ्या गल्लीतल्या मैत्रिणीच्या अंकावरून ते प्रकरण उतरून काढले होते. चित्राची जागा तिने रिकामी सोडली होती आणि तिथे चौकट आखून ठेवली होती.

तेव्हापासून हा विषय आमच्या डोक्यातून गेला नाही. भाषेच्या प्रश्नावर आपल्या सीमाभागात आम्ही मंडळी पुष्कळ बोलतो. ठराव करतो, मोर्चे काढतो, पाट्या मोजतो. ते सारे हवेच. पण एका साध्या गृहिणीने आपली भाषा दर आठवड्याला कशी विकत घेतली, वाचली, शिवली आणि ट्रंकेत जपली, हेही एकदा पाहावे, असे वाटले. म्हणून हा लेख.

'वारम' म्हणजे आठवडा

तेलुगूत साप्ताहिकाला वारपत्रिका म्हणतात. 'वारम' म्हणजे आठवडा. आंध्र पत्रिकेचे सचित्र साप्ताहिक, आंध्रप्रभा, आंध्रज्योती, आंध्रभूमी, पुढे १९८४ मध्ये निघालेली स्वाती सपरिवार पत्रिका, ही त्यांतली मोठी नावे. गेल्या शतकाच्या पन्नाशीपासून पुढची तीनचार दशके तेलुगू मध्यमवर्गीय घराचा आठवडा या अंकांवर मोजला जाई.

अंकाची ठेवण ठरलेली. वर रंगीत मुखपृष्ठ. आत संपादकीय, वाचकांची पत्रे, एकदोन कथा, व्यंगचित्रे, सिनेमाचे पान, राशिभविष्य, पाककृती. आणि या सगळ्याच्या मधोमध क्रमशः कादंबऱ्या. त्याही एक नव्हे, एकाच अंकात दोन-दोन, तीन-तीन चालत. आपल्याकडे प्रकरणाच्या शेवटी 'क्रमशः' छापतात, तसे तेलुगूत 'सशेषम्' छापतात. सशेषम् म्हणजे अजून शिल्लक आहे. हा एक शब्द घराघरांत सात दिवस हुरहूर लावून जाई.

अंक आला की तो आधी कोणी वाचायचा यावरून भांडणे होत. ज्यांना विकत घेणे परवडत नसे ते भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानातून आणत. कादंबरी संपली की पाने सुटी करून बाड बांधायचे, ही रीत तेलुगू घरांत इतकी सर्रास होती की तिला कोणी छंद म्हणत नसे. लोणचे घालावे तसे ते वर्षाचे काम होते. ही बाडे नंतर लग्न झालेल्या मुलीबरोबर सासरी जात, आजारी माणसाच्या उशाशी जात, शेजारीपाजारी फिरत.

आज जुन्या वारपत्रिकांना मागणी आहे ती नेमकी या बाडांसाठी. तीच कादंबरी पुढे पुस्तकरूपाने निघालेली असते, स्वस्तात मिळते. पण पुस्तकात ती चित्रे नसतात. कडेची जाहिरात नसते, शेजारच्या रकान्यातला विनोद नसतो, पुढच्या आठवड्यातली वाचकांची रागाची पत्रे नसतात. पुस्तक म्हणजे नुसती गोष्ट. वारपत्रिकेचे पान म्हणजे ती गोष्ट ज्या घरात वाचली गेली ते घर. हैदराबादला आबिड्स ते कोठी या पट्ट्यात रविवारी दुकाने बंद असताना पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. विजयवाड्याला एलुरू रस्त्यावर जुन्या पुस्तकांची दुकाने आहेत. तिथे ढिगापाशी उकिडवे बसून एखादे पान हातात धरणारी माणसे पाहावीत. ती नुसता मजकूर शोधत नसतात, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळते.

मुंबईत जन्मलेली पत्रिका

आपल्या वाचकांना एका गोष्टीचे नवल वाटेल. तेलुगूतल्या या परंपरेचे एक मोठे मूळ आपल्या मुंबईत आहे. कृष्णा जिल्ह्यातून आलेले काशिनाथुनी नागेश्वरराव पंतुलू यांनी १८९३ मध्ये मुंबईत एक मलम काढला. तोच अमृतांजन. आपल्या आजीच्या उशाखाली सापडणारी ती पिवळ्या मलमाची बाटली. सुरुवातीला गाण्याच्या मैफलींत त्यांनी हा मलम फुकट वाटला, असे सांगतात. मलम चालला, पैसा आला, आणि त्या पैशातून पंतुलूंनी १९०८ मध्ये मुंबईतच 'आंध्र पत्रिका' हे तेलुगू साप्ताहिक सुरू केले. मद्रास नव्हे, बेझवाडा नव्हे, मुंबई! १९१४ मध्ये पत्रिका मद्रासला गेली आणि तिचे दैनिक झाले. पुढे सचित्र साप्ताहिकही त्याच घराण्यातून निघाले. १९२४ मध्ये पंतुलूंनी 'भारती' हे वाङ्मयीन मासिक काढले.

त्याच मुंबईत १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला आणि आपल्याकडची दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली. आंध्र पत्रिका उगादीला, म्हणजे आपल्या गुढीपाडव्याला, जाडजूड विशेषांक काढू लागली. कोणी कोणाचे पाहून केले असे आमचे म्हणणे नाही. पण सण आला की गोडाबरोबर अंकही घरात यावा, ही भूक दोन्ही भाषांना एकाच सुमारास लागली.

नात्याचे धागे आणखीही आहेत. तेलुगूत ज्ञानकोशाचे काम आरंभणारे कोमर्राजू लक्ष्मणराव नागपुरात शिकले होते, मराठी त्यांना चांगली येत होती. तेलुगूत शिवचरित्र लिहिणारे ते हेच. आणि आमच्या पिढीने ज्याच्यावर लहानपण काढले तो 'चांदोबा' कोठला? १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये निघालेल्या चंदामामाची ती मराठी आवृत्ती, १९५२ ची. कोडवटिगंटी कुटुंबराव या तेलुगूतल्या नामवंत कथाकाराने ते मासिक जवळजवळ तीन दशके सांभाळले. म्हणजे तेलुगू नियतकालिकांच्या हाताखालीच आम्ही अक्षरे गिरवली, फक्त आम्हाला ते ठाऊक नव्हते.

विवेकवर्धिनीतली ती सभा

आता एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. भाषेच्या अंकात ती टाळणे बरे नव्हे.

१९२१ चा नोव्हेंबर. हैदराबादला निजाम राज्यातल्या समाजसुधारकांची परिषद भरली होती. जागा विवेकवर्धिनी, म्हणजे मराठी माणसांनी मोठ्या कष्टाने उभी केलेली संस्था. अध्यक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे. भाषणे इंग्रजीत झाली, उर्दूत झाली, मराठीत झाली. मग आलमपल्ली वेंकटरामाराव नावाचे वकील उठले आणि तेलुगूत बोलू लागले. सभेत हसणे सुरू झाले, टाळ्या पिटल्या गेल्या, त्यांना बोलू दिले नाही. ज्या राज्यात तेलुगू बोलणारे सर्वांत जास्त, त्या राज्याच्या राजधानीत तेलुगूची ही स्थिती. आणि हसणाऱ्यांत आपली मराठी मंडळी होती.

त्याच रात्री काही तेलुगू तरुण टेकुमल्ल रंगाराव यांच्या घरी जमले आणि त्यांनी आंध्र जनसंघम् स्थापन केला. माडपाटी हनुमंतराव त्यात होते. पुढची आंध्र महासभा याच बीजातून उगवली. तेलंगणाच्या इतिहासात ही सभा शाळेतल्या मुलालाही माहीत असते. आमच्या पाठ्यपुस्तकांत ती आम्हाला कधी भेटली नाही.

या अपमानाला तेलुगू माणसांनी दिलेले उत्तर पाहण्यासारखे आहे. त्यांनी ग्रंथालये काढली आणि पत्रे काढली. १९२६ मध्ये सुरवरम् प्रतापरेड्डी यांनी हैदराबादहून 'गोलकोंडा पत्रिका' सुरू केली. आठवड्यातून दोनदा निघे. तेलंगणात कवीच नाहीत असे एका लेखात छापून आले, तेव्हा प्रतापरेड्डींनी वाद घालत बसण्याऐवजी कवी शोधले. १९३४ मध्ये 'गोलकोंडा कवुल संचिका' या नावाने ३५४ कवींचा संग्रहच छापून समोर ठेवला.

त्या वेळी मराठीचीही त्या राज्यात फार चैन होती असे नाही. कारभार उर्दूत. लक्ष्मणराव फाटकांचे 'निजाम विजय' हे मराठी साप्ताहिक १९२० पासून त्याच शहरातून निघत होते आणि त्यालाही सरकारची नजर सांभाळून चालावे लागे. म्हणजे दोघेही एकाच छपराखाली गळणाऱ्या पाण्यात उभे होते. तरी एकाने दुसऱ्याला हसावे, हे घडले. बेळगावात, निपाणीत, बिदर-भालकीत आपल्याला कोणी मराठी बोलताना अडवले की जे आपल्याला होते, ते वेंकटरामारावांना त्या दिवशी झाले असेल. हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

घरातली भाषा छापून आली

वारपत्रिकांनी मोठे काम केले ते हे की घरात बोलतात ती तेलुगू त्यांनी छापली. गिडुगू राममूर्तींनी व्यवहारातल्या भाषेसाठी आयुष्यभर ग्रांथिक भाषेशी झगडा केला. त्यांचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट, आज तेलुगू भाषा दिन म्हणून पाळतात. पण झगडा जिंकला गेला तो व्यासपीठावर नव्हे, स्वयंपाकघरात अंक शिरला तेव्हा.

मालती चंदूर यांचे उदाहरण घ्या. आंध्रप्रभा साप्ताहिकात त्या 'प्रमदावनम्' नावाचे सदर चालवीत. बायकांनी प्रश्न विचारायचे, त्यांनी उत्तरे द्यायची. लोणच्याला बुरशी का आली इथपासून नवरा बोलत नाही तर काय करू इथपर्यंत. हे सदर चार दशकांहून अधिक चालले. ज्या आईने प्रश्न विचारला तिच्या मुलीने, आणि मग नातीने, त्याच सदरात प्रश्न विचारावा, असे भाग्य किती सदरांना मिळते? आंध्रज्योती साप्ताहिकाचे संपादक पुराणम् सुब्रह्मण्य शर्मा हे 'इल्लाली मुच्चट्लू', म्हणजे गृहिणीच्या गप्पा, लिहीत. तेही बायकोच्या नावाने, पुराणम् सीता या सहीने. साठ-सत्तरच्या दशकांत स्त्रीलेखिकांची नावे इतकी खपत की पुरुष लेखकही बाईचे नाव घेऊन लिहू लागले होते, असे तेलुगू लोक हसत सांगतात.

आणि त्या लेखिका तरी कोण? डॉक्टर पी. श्रीदेवी यांची 'कालातीत व्यक्तुलु' १९५७-५८ मध्ये 'तेलुगू स्वतंत्र' साप्ताहिकातून क्रमशः आली. स्वतःच्या हिमतीवर जगू पाहणाऱ्या मुलींची ती गोष्ट. १९६३ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. श्रीदेवी १९६१ मध्येच गेल्या, पण कादंबरी अजून वाचली जाते. मग रंगनायकम्मा, वासिरेड्डी सीतादेवी, मादिरेड्डी सुलोचना, द्विवेदुला विशालाक्षी. आणि यद्दनपूडी सुलोचनाराणी, ज्यांच्या 'मीना', 'सेक्रेटरी' यांच्यावर चित्रपट निघाले. त्यांचा उंच, श्रीमंत, गाडीतून उतरणारा नायक समीक्षकांना पटला नाही. पण त्याच्यासाठी हजारो मुली तेलुगू वाचायला बसल्या. भाषेच्या हिशेबात हे कमी नाही.

पुढे १९८० च्या सुमारास आंध्रभूमी साप्ताहिकात यंडमूरी वीरेंद्रनाथ यांची 'तुलसीदळम्' आली. करणी-भानामतीच्या या गोष्टीने साप्ताहिकाचा खप झपाट्याने वाढला आणि आंध्रातली घरेच्या घरे आठवडाभर अंकाची वाट पाहू लागली. आपल्या बेळगाव-धारवाडकडच्या वाचकांनी 'बेळदिंगळ बाळे' हा १९९५ चा कन्नड चित्रपट पाहिला असेल. तोही यंडमूरींच्याच तेलुगू कादंबरीवर बेतलेला.

मुलांचे काय? आंध्र पत्रिकेच्या साप्ताहिकात पन्नाशीच्या दशकात मुळ्ळपूडी वेंकटरमणा यांनी 'बुडुगू' लिहिला. बुडुगू हा एवढासा मुलगा. मोठ्यांच्या जगाकडे पाहून तो जे बोलतो ते त्याच्याच भाषेत. चुका, हट्ट, फुशारक्या सगळ्यांसकट. आपल्याकडे चिं. वि. जोशींच्या चिमणरावाला जसे घरात मानाचे पान, तसे तेलुगू घरात बुडुगूला. त्याची चित्रे काढली बापूंनी. हे तेच बापू, ज्यांचे 'हम पाँच' आणि 'वो सात दिन' हे हिंदी चित्रपट आपण पाहिले. मूळचे ते वारपत्रिकांचे चित्रकार. चार रेषांत त्यांनी काढलेली तेलुगू मुलगी, लांब वेणी आणि टपोरे डोळे, पुढे इतकी रुजली की नवरीला 'बापूच्या चित्रासारखी' म्हणणे ही स्तुती झाली. त्यांचे हस्ताक्षरसुद्धा लोकांना इतके आवडले की त्यावरून छपाईचा टाइप तयार झाला. मुखपृष्ठांवर वड्डादी पापय्यांची रंगीत चित्रे असत; खाली 'व. पा.' अशी सही. अक्काच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून असे एक चित्र खळीने चिकटवलेले होते, देवाच्या तसबिरीसारखे.

गेले ते कसे, राहिले ते कसे

मग उतार लागला. १९९१ मध्ये आंध्र पत्रिका बंद पडली. १९९५ मध्ये ई-टीव्ही आणि जेमिनी या तेलुगू वाहिन्या घरात आल्या आणि 'सशेषम्'ची हुरहूर अंकातून पडद्यावर गेली. सात दिवस थांबायचे कारणच उरले नाही. १९७८ पासून चाललेली 'चतुर' आणि 'विपुल' ही मासिके, ज्यांतल्या 'विपुल'ने इतर भारतीय भाषांतल्या कथा तेलुगूत आणल्या, तीही २०२१ मध्ये थांबली.

पण अंक गेले तरी तेलुगू माणसांनी ते मरू दिले नाहीत, आणि इथेच आमच्यासारख्यांनी शिकण्यासारखे आहे. चिराल्याजवळ वेटपालेम नावाचे विणकरांचे गाव आहे. तिथले सारस्वत निकेतनम् हे ग्रंथालय १९१८ चे. गांधीजी १९२९ मध्ये तिथे येऊन गेले. जुन्या तेलुगू पत्रांच्या जपून ठेवलेल्या फायलींसाठी अभ्यासक त्या आडगावी जातात. हैदराबादला बागलिंगमपल्लीत सुंदरय्या विज्ञान केंद्र आहे. तिथे जुनी तेलुगू पुस्तके-नियतकालिके आहेत, आणि त्याच इमारतीत एका उर्दूप्रेमी गृहस्थाने आयुष्यभर जमवलेला उर्दू मासिकांचा मोठा साठाही आहे. आंध्र प्रदेश प्रेस अकादमीने आंध्र पत्रिका, भारती, कृष्णा पत्रिका, गोलकोंडा पत्रिका यांचे जुने अंक पानोपान संगणकावर चढवले. ज्याला हवे त्याने घरी बसून वाचावे.

हे सगळे संस्थांनी केले खरे. पण संस्थांना अंक मिळाले कुठून? कोणा निवृत्त मास्तरांच्या कपाटातून, कोणा विधवेच्या माळ्यावरून, कोणा अक्काच्या ट्रंकेतून. घराने आधी जपले म्हणून संस्थेला जपता आले.

आपल्या माळ्यावर काय आहे?

सोलापूरच्या पूर्व भागात जा. तेलंगणातून विणकामासाठी आलेली पद्मशाली कुटुंबे तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत. घरात तेलुगू, शाळेत मराठी. तेलुगू फडाफड बोलतात, पण लिपी वाचता येत नाही, अशी माणसे तिथे घरोघर भेटतात. आणि हैदराबादच्या, बेळगावच्या, बिदरच्या आपल्या घरांत? मराठी फडाफड बोलणारी, पण 'श्यामची आई' वाचायला दिले की पानभर वाचून पुस्तक मिटणारी मुले आम्ही पाहतो. आरशासमोर आरसा ठेवावा, तसे हे आहे. दोघांचेही दुखणे एकच: भाषा जिभेवर राहिली, डोळ्यांतून गेली. आणि डोळ्यांतून गेलेली भाषा तिसऱ्या पिढीला जिभेवरूनही उतरते.

ती डोळ्यांत राहते ती दर आठवड्याच्या सवयीने. आम्हालाही ती सवय होती. 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर', 'माणूस', 'साधना' सीमेपलीकडच्या घरांत टपालाने येत. 'माणूस' १९८६ मध्ये बंद पडले. साने गुरुजींनी १९४८ मध्ये काढलेले 'साधना' चालू आहे आणि त्यांनी आपले जुने अंकही वाचकांना खुले केले आहेत. हैदराबादची मराठी साहित्य परिषद 'पंचधारा' हे त्रैमासिक काढते. नावातच पाच भाषा, त्यांत तेलुगूही आहे. १९२१ च्या त्या सभेला मराठी माणसांनी उशिरा का होईना दिलेले हे चांगले उत्तर आहे, असे आम्ही मानतो.

आता ट्रंकेकडे वळू. ताईला तेलुगू वाचता येत नाही, हे आम्ही सांगायचे राहिलेच. लग्न होऊन ती हैदराबादला आली तेव्हा समोरची अक्का दुपारी भांडी आवरली की ओसरीवर बसून वारपत्रिका मोठ्याने वाची. ताई गहू निवडत ऐके. न कळेल तिथे अक्का दख्खनी हिंदीत सांगे. मग ताई 'स्त्री'मधली गोष्ट वाचून तशीच सांगे. तीस वर्षे हे चालले. त्यामुळे ट्रंकेतली निम्मी बाडे ताईला तोंडपाठ आहेत, फक्त कानाने.

त्यांतले एक बाड अपुरे आहे. १९६९ च्या तेलंगणा आंदोलनात बंद आणि जाळपोळ चालू असताना शेवटचे दोन अंक गल्लीपर्यंत पोचलेच नाहीत. शेवटच्या पानाच्या तळाशी 'सशेषम्' आहे आणि पुढे कोरा पुठ्ठा. अक्काने नंतर पुस्तक विकत घेतले नाही. अंक मिळतील म्हणे. "त्या पोरीचे पुढे काय झाले, आम्हाला दोघींनाही कळले नाही," ताई म्हणाली.

आम्ही ते बाड घेऊन एका ग्रंथालयात गेलो. तिथल्या माणसाने दोन दिवसांनी त्या वर्षाची फाईल काढून दिली. दोनांपैकी एक अंक सापडला, दुसऱ्याची जागा रिकामी होती. सापडलेल्या प्रकरणाच्या झेरॉक्स प्रती घेतल्या. ताईच्या वरच्या मजल्यावर वरंगळची एक कॉलेजातली मुलगी भाड्याने राहते. तिने संध्याकाळी येऊन ते वाचले. ताईने डोळे मिटून ऐकले. मध्ये एका ठिकाणी मुलगी अडखळली, तेव्हा ताईनेच शब्द सांगितला. जुना शब्द होता, मुलीला ठाऊक नव्हता. एका मराठी म्हातारीने तेलुगू मुलीला तेलुगू शब्द सांगावा, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

ताईने ठरवले आहे की ट्रंकेतली बाडे ग्रंथालयाला द्यायची. ते अपुरे बाड मात्र तिने ठेवून घेतले. झेरॉक्स पाने तिने दाभणाने टाचून त्याला जोडली आणि पुढच्या अंकासाठी दोरा लांब सोडला.

वाचकहो, तुमच्या माळ्यावर गठ्ठा असेल. मराठीचा असेल, कन्नडचा असेल, एखाद्या शेजाऱ्याचा तेलुगूचा असेल. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा खाली उतरवा, धूळ झटका, आणि घरातल्या कोणाला तरी एक पान मोठ्याने वाचायला सांगा. वाचता आले तर गठ्ठा ठेवा. वाचता आले नाही, तर तो ठेवणे अधिकच गरजेचे आहे.